स्तनाचं ऑपरेशन आणि मन: तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी एक ओळ लिहिली होती, की स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशन लहान झालं की मोठं, यावरून मनाला किती लागलं हे कळत नाही. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की हा अंक त्यांच्यासाठीच ठेवला आहे. सगळी छापता येणार नाहीत. सहा निवडली आहेत आणि त्यांतली ओळख पटेल अशी प्रत्येक गोष्ट काढून टाकली आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. २३ वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते, त्यातली शेवटची १२ वर्षं स्तनाच्या ऑपरेशनच्या पेशंटबरोबर गेली. आता समुपदेशन करते. कोणतं ऑपरेशन करा, कोणती गोळी घ्या, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पट्टी पहिल्यांदा सोडली की काय होतं, ते मात्र मी फार जवळून पाहिलं आहे.

प्रश्न: ताई, माझं वय ४७. गाठ दोन सेंटिमीटरच्या आतली आहे. सर्जन म्हणाले, गाठ काढून रेडिएशन घ्या किंवा पूर्ण स्तन काढा, जिवाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, तुम्ही ठरवा. सहा रात्री डोळ्याला डोळा नाही. कधी वाटतं काढूनच टाकावा, कटकट संपेल. दुसराही काढावा, म्हणजे परत भीतीच नको. आणि पहाटे वाटतं, नंतर पस्तावले तर? मनाला कशात शांतता मिळेल, तेवढंच सांगा.

उत्तर: सहा रात्री म्हणजे फार झालं. तेव्हा आधी झोपेचं बघू, निर्णयाचं नंतर. डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारा: निर्णयाला नेमके किती दिवस आहेत, आणि तोवर झोपेसाठी काही देता येईल का. निदान कळलं की वाटतं, आज काढलं नाही तर उद्या पसरेल. सुरुवातीच्या गाठीत बहुधा विचाराला आठवडा-दोन आठवडे मिळतात. तुमचे किती, हे तुमचा रिपोर्ट पाहिलेले डॉक्टरच सांगतील.

आता ‘दोन्ही सारखंच’ याबद्दल. डॉक्टर हे वाक्य सहज बोलून जातात, पण ते खात्रीने म्हणता यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपली पद्धत मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीका ग्रंथी, सगळं एका वेळी काढायचं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हीच पद्धत चालली. बरगड्यांवर नुसती कातडी उरायची, अनेकींचा हात जन्मभर सुजलेला राहायचा. मग मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून दोन्ही प्रकारच्या ऑपरेशनांची सरळ तुलना केली. वेरोनेसींच्या अभ्यासातल्या गाठी तुमच्यासारख्याच, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या. २००२ मध्ये दोघांचेही २० वर्षांचे निकाल आले. स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या होत्या.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे. पण रोजचं जगणं दोन्हीकडे वेगळं असतं, आणि ते कुणीतरी नीट सांगायला हवं. स्तन राखला तर त्यापाठोपाठ रेडिएशन येतं, काही आठवडे जवळजवळ रोजच्या फेऱ्या. काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर काहींना पुन्हा टेबलावर जावं लागतं. पुढे दर मॅमोग्रामच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, आधीचे दिवस जड जातात. त्याच स्तनात आजार परतण्याची थोडी शक्यता राहते. फिशर यांच्या अभ्यासात रेडिएशन घेतलेल्यांमध्ये २० वर्षांत शंभरात साधारण १४ जणींना तसं झालं, रेडिएशन न घेतलेल्यांत ३९ जणींना. आता औषधं सुधारली आहेत आणि आकडा त्याहून बराच खाली आला आहे. पूर्ण स्तन काढला तर बहुतेकदा रेडिएशन टळतं, नेहमी टळतंच असं नाही. छाती बधिर होते, एका बाजूचं वजन गेल्यामुळे खांदा वर चढतो, आणि अंघोळीला गेलं की ते रोज दिसतं.

मनाचं काय? एके काळी सगळ्यांची समजूत होती की स्तन वाचला की मनही वाचेल. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ लेस्ली फॅलोफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दोन्ही गटांतल्या बायकांची तपासणी केली, तर चिंता आणि नैराश्य दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं, एवढ्यापुरता मात्र फरक आहे. आरशात बघताना, कपडे निवडताना, जोडीदाराजवळ जाताना स्तन राहिलेल्या बायकांना कमी जड जातं, हे पुढेही अनेक अभ्यासांत दिसलं. मृत्यूची भीती, आजार परत येण्याची भीती, झोप उडणं हे ऑपरेशनच्या नावाकडे बघत नाही. फॅलोफील्ड यांच्या १९९० च्या अभ्यासातली गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. जे सर्जन बाईला विचारून ठरवायचे, त्यांच्या पेशंटमध्ये नैराश्य कमी आढळलं.

‘तुम्ही ठरवा’ हे तुम्हाला आज ओझं वाटतंय, ते मला समजतं. पण १९७० च्या दशकापर्यंत हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. गाठीचा तुकडा तपासायला म्हणून भूल द्यायचे आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचे. बाई जागी झाली की आधी हाताने छाती चाचपायची. अमेरिकन पत्रकार रोझ कुश्नर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या आजारात याला नकार दिला आणि नंतर त्यासाठी जाहीर लढा दिला. १९७९ मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं असा कौल दिला. त्या परिषदेच्या मंडळात त्या स्वतः होत्या.

तरीही ठरवायचं म्हणजे एकटीनेच ठरवायचं, असं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, ‘माझ्या रिपोर्टमध्ये असं काही आहे का, ज्यामुळे तुमचा कल एका बाजूला जातो?’ बहुतेक डॉक्टरांचा कल असतो, पण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. मग घरी असं करा. एक अख्खा दिवस धरून चाला, की ठरलं, पूर्ण काढायचं. उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच निर्णयात राहा. अंघोळ करताना, कपडे घालताना, कुणाशी बोलताना काय वाटतं ते चार ओळींत लिहा. दुसरा दिवस दुसऱ्या निर्णयात काढा. मी कित्येक जणींना हे करायला लावलं आहे. तिसऱ्या दिवशी कागद वाचून दाखवताना आवाज कुठे मोकळा होतो, ते ऐकणाऱ्याला कळतं आणि बहुतेकदा वाचणारीलाही कळतं.

दुसऱ्या स्तनाबद्दल घाईत काही ठरवू नका. बीआरसीएसारख्या जनुकात दोष नसेल, तर दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग होण्याची शक्यता वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असते, आणि तो काढल्याने आयुष्य वाढत नाही. घरात आई, मावशी, बहिणींना हा आजार असेल तर आधी जनुक-तपासणीचं विचारा. निव्वळ भीती घालवायला म्हणून काढायचा असेल, तर आधी त्या भीतीबद्दल कुणाशी तरी नीट बोला. ऑपरेशन नंतरही करता येतं. एकदा झालेलं परत फिरवता येत नाही.

प्रश्न: वय ३९. आठ महिन्यांपूर्वी गाठ काढली, रेडिएशन झालं, आता टॅमॉक्सिफेन (आजार परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे. सगळे म्हणतात, ‘नशीबवान आहेस, स्तन तरी वाचला.’ मला रडायचीही चोरी झाली आहे. उपचार चालू असताना मी धीराची होते, आता संपल्यावर रात्री दचकून उठते. व्रणाजवळ जरा टोचलं की वाटतं, आलं परत. मी जास्तच करतेय का?

उत्तर: नाही, तुम्ही जास्त करत नाही आहात. ‘वाचलीस’ म्हणणाऱ्यांत एके काळी मीही होते, म्हणून हे उत्तर मनावर घेऊन लिहिते आहे. वॉर्डात एक तरुण मुलगी होती, काखेजवळ चार बोटांचा व्रण, ड्रेनसुद्धा (जखमेतलं पाणी काढणारी नळी) नव्हता. शेजारच्या दोन्ही खाटांवर पूर्ण स्तन काढलेल्या बायका होत्या. ती रडत होती. मी उशी सारखी करत म्हटलं, ‘अगं, तुझं तर छोटंच ऑपरेशन आहे.’ ती गप्प झाली. पट्टी बदलताना हळूच म्हणाली, ‘सिस्टर, व्रण छोटा आहे. कॅन्सर छोटा आहे का?’ त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते माझ्यामुळे झालं. तो शब्द मी पुन्हा कुठल्याच पेशंटला वापरला नाही.

उपचार संपल्यावर घसरायला होणं फार नेहमीचं आहे. रेडिएशनच्या आठवड्यांत दर दिवशी कुणीतरी तुमच्याकडे बघत होतं, पुढची तारीख हातात होती. ते एका दिवशी थांबतं, घरातले सुटकेचा श्वास टाकतात, आणि तोवर दाबून ठेवलेलं सगळं वर येतं. त्यात थकवा असतोच. रेडिएशनचा थकवा शेवटच्या दिवसाबरोबर जात नाही.

टोचण्याबद्दल. ऑपरेशन आणि रेडिएशन झालेल्या स्तनात टोचणं, चमक मारणं, जड वाटणं महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं राहतं. नसा दुखावलेल्या असतात, त्या भरून येताना असं होतं. एक छोटी वही करा. टोचलं की तारीख, जागा आणि किती वेळ, एवढंच लिहा आणि वही मिटा. नवी गाठ, कातडी ओढली जाणं, लालसरपणा, बोंडातून पाणी किंवा रक्त, यांतलं काही दिसलं तर न थांबता दाखवा. नुसतं दुखणं असेल आणि ते दोन आठवड्यांनीही हटलं नाही किंवा वाढत गेलं, तर दाखवा. मधल्या दिवसांत वही सांभाळेल. डॉक्टरांकडेही ती घेऊन जा. ‘कधीकधी टोचतं’ म्हणण्यापेक्षा ती दाखवली तर त्यांना चटकन उलगडा होतो.

तुमच्या पत्रात टॅमॉक्सिफेन आहे, म्हणून एक गोष्ट ठळक सांगते. या गोळीने अंगातून गरम वाफा येतात, रात्री घाम येतो, झोप तुटते, आणि काहींचं मन खचतं. तेव्हा सगळा दोष स्वतःच्या स्वभावाला देऊ नका. नैराश्याचं औषध घ्यायची वेळ आली तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं मनोविकारतज्ज्ञांना आधी सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन यांच्यामुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात बदलणं अडतं, म्हणून ती टाळतात. त्यांना पर्याय आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ‘सगळेच म्हणतात मी नशीबवान’ म्हणून थांबू नका. जगू नये असं मनात आलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

प्रश्न: मी ५२ वर्षांचा आहे. पाच महिन्यांपूर्वी पत्नीचा एक स्तन काढला. ती कपडे बदलताना दार आतून लावते, झोपताना पाठ करते. मी तिला शंभर वेळा सांगितलं, मला काही फरक पडत नाही. त्यावर ती जास्तच मिटते. मी अजून तो व्रण पाहिलेला नाही. पाहावा की पाहू नये? मला चूक करायची नाही.

उत्तर: दादा, हे पत्र तुम्ही लिहिलंत, हे मला फार बरं वाटलं. नवऱ्यांची पत्रं कमी येतात.

आधी पट्टीबद्दल सांगते, म्हणजे दाराआड काय चाललंय त्याचा थोडा अंदाज येईल. पहिलं ड्रेसिंग उघडताना आम्ही खाटेभोवतीचा पडदा ओढायचो. चिकटपट्टी कोमट पाण्याने भिजवून कडेकडेने सोडवायची, नाहीतर कातडी ओढली जाते. तेवढ्या पाच मिनिटांत बायका छताकडे बघत असत, काही माझ्या चेहऱ्याकडे. व्रणाकडे फार थोड्या. माझ्या चेहऱ्यावर काय उमटतंय, त्यावरून त्या अंदाज घ्यायच्या की काय उरलं आहे. म्हणून मी चेहरा सांभाळायला शिकले, आणि एप्रनच्या खिशात एक छोटा आरसा ठेवायला लागले. आरसा कुणाच्या हातात द्यायचे नाही. ‘खिशात आहे, हवा असेल तेव्हा माग,’ एवढंच म्हणायचे. कुणी तिसऱ्या दिवशी मागितला, कुणी टाके काढताना, कुणी घरी जाईपर्यंत मागितलाच नाही. एकीने मागितला, आणि आधी त्यात स्वतःचे केस पाहिले. बराच वेळ. मग हळूहळू आरसा खाली आणला.

तुमची पत्नी आता तुमच्या चेहऱ्याकडे बघते आहे. तिथे काय उमटेल याची तिला धास्ती आहे. २००१ मध्ये संशोधक हॉपवुड आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या पेशंटसाठी, स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं यावर, दहा प्रश्नांची यादी केली, ती जगभर वापरतात. कपडे न घालता स्वतःकडे बघणं अवघड जातं का, हा त्यातला एक प्रश्न. जिथे प्रश्नावलीतच ते विचारावं लागतं, तिथे तुमची पत्नी एकटी नाही, हे उघड आहे.

‘मला काही फरक पडत नाही’ हे तुम्ही प्रेमाने म्हणता. तिला ते कसं ऐकू येत असेल? तिला स्वतःला फरक पडला आहे, मोठा पडला आहे. तुम्ही नाही म्हणता तेव्हा तिचं दुःख एकटं पडतं. त्याऐवजी जे खरं आहे ते बोला. ‘तुला काय वाटतं ते मला माहीत नाही, सांगशील तेव्हा मी ऐकेन. मलाही वाईट वाटलं. तू हवी आहेस.’ शब्द तुमचे तुम्ही निवडा, फक्त घाईने दिलासा देऊ नका. तिने उत्तर दिलं नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारू नका.

व्रण पाहायचा की नाही, हे तिने ठरवायचं. तुम्ही दार उघडं ठेवा: ‘तुला दाखवावंसं वाटेल तेव्हा मला बघायचं आहे. नाही वाटलं तरी काही हरकत नाही.’ आणि त्याआधी स्वतःची तयारी करा. तिच्या डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून समजून घ्या, की काय दिसणार आहे. आडवी किंवा तिरकी रेघ, बोंड नाही, कातडी काही ठिकाणी ओढलेली, काखेकडे कधीकधी थोडा फुगीर भाग. माहीत असलं की चेहरा दचकत नाही.

स्पर्शाबद्दलही थोडं. छातीचा तो भाग आणि बहुधा दंडाची आतली बाजू बधिर असते, कारण काखेतून जाणारी एक नस ऑपरेशनमध्ये दुखावते किंवा कापली जाते. काही जागी उलट होतं, नुसतं कापड लागलं तरी आग होते. काहींना नसलेल्या स्तनात खाज सुटल्यासारखी वाटते, हे ऐकायला विचित्र असलं तरी खरं आहे. त्यामुळे ती दचकून बाजूला झाली, तर तो तुम्हाला नकार आहे असं धरू नका. ‘इथे चालतं का? इथे?’ असं विचारत जा. तिचा हात तुमच्या हातावर ठेवून तिने न्यावा तिथे जा. सुरुवातीला तिने अंगावर कपडा ठेवला, दिवा मंद ठेवला, तर तसंच असू दे. पाठ करून झोपते, तर पाठीवरून हात फिरवता येतो. बरेच जण तिथूनच परत सुरू करतात.

आणि तुम्ही? पाच महिने तुम्ही भक्कम राहिला आहात. तुमचंही काही गेलं आहे, त्याबद्दल कुणाजवळ तरी बोला. त्यात तिच्याशी बेइमानी नाही.

प्रश्न: माझा स्तन काढला त्याच वेळी पोटाच्या मांसाचा नवा बसवला. डॉक्टर म्हणतात, काम उत्तम झालंय. कपड्यात कुणाला ओळखू येत नाही. पण मला तो परका वाटतो. त्यावर हात ठेवला तर हाताला कळतं, त्याला कळत नाही. एवढं करून घेतलं आणि तरी मी खूश नाही, हे कुणाला सांगू?

उत्तर: ‘हाताला कळतं, त्याला कळत नाही.’ तुमचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुनर्रचना म्हणजे काय, हे याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

पुनर्रचनेने आकार मिळतो, कपडे नीट बसतात, आरशात दोन बाजू दिसतात. पुष्कळ जणींना त्याचा मनापासून आधार होतो. पण संवेदना बहुतेकदा परत येत नाही किंवा अगदी थोडी येते, आणि ऑपरेशनआधी हे पुरेसं सांगितलं जात नाही, अशी माझी तक्रार आहे. २००० साली ज्युलिया रोलँड आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फक्त गाठ काढलेल्या, स्तन काढलेल्या आणि पुनर्रचना केलेल्या, अशा तीन गटांची तुलना होती. मनाच्या एकूण स्वास्थ्यात फारसा फरक नव्हता. उलट, लैंगिक आयुष्यावर वाईट परिणाम झाल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण पुनर्रचना केलेल्यांमध्ये सगळ्यांत जास्त होतं. तेव्हा तुम्ही कृतघ्न नाही. तुमच्या शरीरावर दोन मोठ्या जखमा झाल्या, छातीवर एक आणि पोटावर एक, आणि जे गेलं त्याचं दुःख करायला वेळच मिळाला नाही. सकाळी होता, संध्याकाळी जागेवर काहीतरी होतंच. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

दुःख आता करा. त्याला उशीर झालेला नाही. अंघोळीनंतर डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम लावताना डोळे उघडे ठेवून, बघत बघत लावा. स्पर्श आतून जाणवत नसला तरी डोळे आणि हात मिळून मेंदूला त्या भागाची ओळख करून देतात. काही महिन्यांनी बऱ्याच जणींच्या बोलण्यात ‘तो’ जाऊन ‘माझा’ येतो. सगळ्यांच्या येत नाही. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. बोंडाचा आकार किंवा गोंदण नंतर करता येतं. हवं असेल तरच करा, ‘अपूर्ण दिसतं’ असं दुसऱ्या कुणाला वाटतं म्हणून नको.

प्रश्न: मी पुरुष आहे, ५८. मलाही हाच आजार झाला, एका बाजूचं सगळं काढलं. तपासणीला जातो तेव्हा बाहेर सगळ्या बायका असतात, नाव पुकारलं की मान खाली जाते. कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर: स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर पेशंटमध्ये साधारण एक पुरुष असतो. तुम्ही एकटे नाही, फक्त दिसत नाही. फोनवर वेळ घेताना सांगून ठेवा, की नाव न पुकारता खुणेने बोलवा. मी होते तिथे आम्ही तसं करायचो, कुठेही जमण्यासारखं आहे. जनुक-तपासणीबद्दल जरूर विचारा. पुरुषांत बीआरसीए-२ मधला दोष आढळण्याची शक्यता जास्त असते आणि तो तुमच्या मुलांपर्यंत, मुलींपर्यंत आणि मुलग्यांपर्यंतही, पोचलेला असू शकतो. त्यांना सांगायला लागेल तेव्हा तुमचं गुपित आपोआप सुटेल. एका माणसाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो दिवस हलका जाईल.

प्रश्न: आईचं वय ७१. गाठ लहान होती, तरी आम्ही भावंडांनी ठरवलं की पूर्ण काढून टाकू, या वयात काय फरक पडतो, रेडिएशनचा त्रास नको. ऑपरेशन होऊन महिना झाला. आई बोलत नाही, बाहेर जात नाही, अंगावर सतत काहीतरी पांघरून बसते. आमचं चुकलं का?

उत्तर: तुम्ही तिची दगदग वाचवायला गेलात, हे तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतं. पण ताई, पत्रात एक वाक्य सापडलं नाही, आई काय म्हणाली होती. विचारलं नसेल तर आता विचारा, आणि भावंडांपैकी एकानेच, एकटं बसून. ‘आम्ही तुला न विचारता ठरवलं, ते चुकलं’ हे सरळ म्हणा. ती रडेल, कदाचित चिडेल. चिडली तर बरंच आहे, गप्प बसण्यापेक्षा.

सत्तरीत फरक पडत नाही, हे मला कुठल्याही सत्तरीतल्या बाईने सांगितलेलं नाही. ते नेहमी तिच्या मुलांनी किंवा डॉक्टरांनी सांगितलं आहे. ७६ वर्षांच्या एक आजी ड्रेसिंगला यायच्या. त्यांनी वेदनेबद्दल कधी ब्र काढला नाही. एकदाच दार लावून घेऊन मला विचारलं, ‘बाई, दोन्हीकडे सारखं दिसेल असं काही मिळतं का?’ हे विचारायला त्यांना तीन भेटी लागल्या होत्या.

मिळतं. जखम भरेपर्यंत कापसाचा किंवा विणलेला हलका उशीसारखा तुकडा अंतर्वस्त्रात ठेवता येतो. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांनी जखम पाहून हो म्हटल्यावर, सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मापाने घेता येतो. त्याला वजन असतं, त्यामुळे खांदा आणि पाठ सरळ राहायलाही मदत होते. आईचं पांघरून बसणं बहुधा याचसाठी आहे. तिला नकोही असेल, सपाटच बरं म्हणाली तर तेही ठीक. हवं म्हणाली, तर माप द्यायला तिच्याबरोबर जा, पण खोलीच्या बाहेर बसा. तिने हाक मारली तर आत जा.